पत्र्याखालची जागा

नोव्हेंबर लागला की भंडाऱ्याजवळच्या आमच्या शहापूरच्या आसपास कामाला माणूस मिळत नाही. नळ गळत असेल तर गळू द्यायचा, भिंतीचा पोपडा पडला तर पडू द्यायचा. सगळे हात धानात असतात. हायवेवरून ट्रक धावत असतात आणि दोन्ही अंगांना बांध्यांमधून, म्हणजे धानाच्या खाचरांमधून, वाकलेल्या पाठी दिसतात. हा महिना मला फार आवडायचा. आता आवडतो की नाही, हे मी स्वतःला विचारत नाही. शाळेत जाताना पिकल्या धानाचा वास येतो, स्कूटीवर तोंडाला धुकं लागतं, आणि माझ्या आत काही होत नाही. दाढ काढताना डॉक्टर हिरडीला टोचून विचारतात, इथं लागतंय का? तशी मी अधूनमधून स्वतःला टोचून पाहते. लागत नाही.

त्या वर्षीही माणूस मिळत नव्हता. आमचं तीन एकर भारी, म्हणजे उशिरा पिकणारं, धान उभं होतं, लोंब्या पार खाली आलेल्या. बाबा रोज सकाळी मजुरांसाठी दारोदार फिरत आणि हात हलवत परत येत. तरी एका सकाळी त्यांनी दोन माणसं मिळवली. ती धान कापायला नव्हती. ती कबर खोदायला होती.

कबर माझ्या धाकट्या भावासाठी, आशिषसाठी. आशिष भंडाऱ्याच्या आयटीआयमधून फिटर झाला, मुंबईला जाऊन कसलासा कोर्स करून आला आणि मालवाहू जहाजावर लागला. इंजिनाच्या खोलीत तेलपाणी बघायचं काम. आमच्या गावात तलाव चिक्कार, बोड्या म्हणजे लहान तळी चिक्कार, पण समुद्र पाहिलेला माणूस तेव्हा तो एकटाच. आणि त्यानंही धड पाहिला नव्हता. फोनवर म्हणायचा, "ताई, मी समुद्रात आहो, पन समुद्रच दिसत नाही मले. दिवसभर खालीच राहतो. वर आलो का झोप लागते." मग लगेच विचारायचा, मंडई झाली का, दंडार कोणती आली होती, कोण नाचलं. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडईची जत्रा भरते, रात्री दंडारीची नाचगाणी होतात आणि तो जगाच्या कुठल्याही बंदरात असला तरी त्याला ती बातमी लागायची. त्याचा शेवटचा फोन मंडईचाच होता. मी काय सांगितलं ते आठवत नाही. बहुतेक घाईत होते.

आम्ही ख्रिस्ती. हे कळलं की लोक विचारतात, तुम्ही नर्स का? मी नर्स नाही. मी शाळेत भूगोल शिकवते. दवाखान्यात होते ते बाबा. मिशनच्या दवाखान्यात त्यांनी जन्मभर ड्रेसरचं काम केलं, जखमा धुतल्या, टाके काढले. उरल्या वेळात शेती. आई घर, कोंबड्या आणि मंडळीतल्या बायकांची प्रार्थनासभा सांभाळायची. चर्चला येणाऱ्या सगळ्या लोकांना मिळून आमच्यात मंडळी म्हणतात. आमची मंडळी एवढी लहान आहे की कुणी एक जण खोकल्यानं आला नाही तरी बाक रिकामा दिसतो.

कंपनीचा फोन आला तेव्हा बाबा विळ्याला धार लावत होते. पलीकडून एक मुलगी अगदी गोड हिंदीत बोलली. जहाजाशी संपर्क तुटला आहे, ते बुडालं असावं, काही लोक सापडले आहेत, आपल्या मुलाचा शोध चालू आहे. बाबांनी सगळं ऐकून घेतलं, थँक्यू म्हणाले, आणि विळा पुन्हा दगडावर फिरवायला लागले. थोड्या वेळानं उठून ते धोंडूकाकांकडे गेले.

धोंडूकाका ढिवर. तलावातली मासेमारी त्यांच्या घराण्याकडे. आमच्या भागात माणूस बुडाला की आधी ढिवराला बोलावणं जातं, पोलिसाला नंतर. ते आमच्या अंगणात येऊन बसले, तंबाखू मळली आणि म्हणाले, "पानी माणसाले ठेवत नाही जी. जास्तीत जास्त तिसऱ्या दिवशी वर देते. मी आजपावतर असा तलाव नाही पाह्यला, ज्यानं माणूस ठेवून घेतला." अंगणात दहाबारा लोक होते. सगळ्यांनी माना हलवल्या. मी भूगोल शिकवणारी बाई, फळ्यावर महासागरांची खोली लिहून देणारी. मीही मान हलवली. त्या वेळी ते मला अगदी खरं वाटलं.

बाबांनी दवाखान्यात तलावातून काढलेली माणसं खूप पाहिली होती. तिसऱ्या दिवशी वर आलेलं माणूस कसं असतं ते त्यांना माहीत होतं. म्हणून त्यांनी कबर आधी खोदून घेतली, आजोबांच्या शेजारी. मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरगं आलं का सीधं तिकडंच न्या लागन. घरी ठेवता नाही येनार. तुया आईले मी पाहू नाही देनार." एवढं बोलून ते त्या दोन माणसांना चहा द्यायला गेले. मला वाटतं, बाबांनी आईवर किती जीव लावला होता हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

तिसरा दिवस आला आणि गेला. रस्त्यानं जाणारे फाटकाशी थांबून विचारायचे, "आला का?" बाबा म्हणायचे, "नाही अजून." पावसानं उशीर झालेल्या एसटीबद्दल बोलावं तसं सगळं चाललं होतं. घरात कुणी रडत नव्हतं, कारण रडायचं काय, तर माणूस आल्यावर. चूल मात्र शेजारणी पेटवू देत नव्हत्या. डबे येत होते. आईनं भाजलेल्या वांग्याचं भरीत आणि भात व्यवस्थित खाल्ल्याचं मला आठवतं. मीही खाल्लं.

आमचं धान उभंच होतं. मग एका सकाळी उठून पाहते तर बांध्यांत माणसं. शेजारच्या चार-पाच घरांतली, ज्यांचं स्वतःचं धान अजून कापायचं होतं ती. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी सगळं कापलं, भारे बांधले, त्यांचं उंच पुंजणं रचलं आणि दुपारी आमच्या विहिरीवर हातपाय धुऊन आपापल्या शेताकडे गेले. बाबा पुंजण्याकडे पाहत राहिले. म्हणाले, "सरळ रचलं." त्या वर्षी धान चांगलं झालं होतं.

महिनाभरात कंपनीकडून कळलं की जहाजात खनिजाची ओली माती भरलेली होती. लाटांनी हलून हलून तिचा चिखल झाला, तो सगळा एका अंगाला सरकला आणि जहाज आडवं झालं. काही मिनिटांत गेलं. खाली इंजिनाच्या खोलीत असलेल्यांना वर यायला वेळ मिळाला नसावा. शोध थांबवण्यात आला होता. बाबांना या सगळ्यातलं चिखलाचं तेवढं नीट समजलं. रोवणीच्या आधी बांधी चिखलताना बैल रुततात, माणूस रुततो. ते मला म्हणाले, "म्हंजे त्यायनं बांधी भरून नेली जहाजात." मी हो म्हटलं.

आता कबरीचं काय, हा प्रश्न उभा राहिला. आमचे पाळकसाहेब नगरकडचे, मृदू बोलणारे. ते घरी आले, प्रार्थना केली आणि हळूच म्हणाले, "ती जागा आता बुजवून घ्यायला हवी. उघडी कबर बरी नाही. गुरं-ढोरं पडतात, लोकही बोलतात." आई म्हणाली, "बुजवाची नाही."

"ताई, आपली श्रद्धा आहे ना," पाळकसाहेब म्हणाले, "शेवटल्या दिवशी समुद्रसुद्धा आपल्याजवळची माणसं परत देणार आहे."

"तेच तर मी म्हणून राहिली, साहेब. देईन तेव्हा त्याले ठेवू कुठं?"

मग पाळकसाहेब सांगू लागले की देवानं वचन दिलेल्या नव्या पृथ्वीवर समुद्र नसेलच. आईनं थोडा विचार केला. "बरं होईन," ती म्हणाली आणि त्यांच्यासाठी चहा टाकायला आत गेली.

पुढच्याच आठवड्यात एक कुत्रं कबरीत पडलं आणि दिवसभर भुंकत राहिलं. तेव्हा बाबांनी टिनाचा एक मोठा पत्रा आणून तिच्यावर टाकला, चार कोपऱ्यांना दगड ठेवले. बाजूला उपसलेल्या मातीचा ढीग होता तो तसाच राहिला. पावसाळ्यात त्याच्यावर गवत आलं, नंतर तरोटा आला. नवीन माणसाला वाटायचं, आजोबांच्या कबरीशेजारी कुणाचं तरी बांधकाम अर्धवट पडलंय.

वर्षाच्या आत मुंबईहून निरोप आला की बुडालेल्या खलाशांसाठी स्मरणाची उपासना ठेवली आहे, घरच्यांनी यावं. आई आली नाही. "कोनाचं स्मरन? तो का मेला आहे?" एवढंच म्हणाली. मी आणि बाबा गेलो. गोदीजवळचं एक जुनं चर्च होतं, छताच्या तुळईला लाकडाचं छोटंसं जहाज टांगलेलं. भिंतींवर दगडी पाट्या होत्या. जुन्या जहाजांची नावं, ती कुठल्या वादळात गेली, किती जण गेले. शंभर-शंभर वर्षं जुनी पाटी, आणि खाली कुणीतरी ठेवलेलं ताजं फूल. मला त्या फुलाचं नवल वाटलं. इतक्या जुन्या माणसांसाठी आता कोण येत असेल? एका पाटीवर नुसतंच लिहिलं होतं की यांची नावं देवाला ठाऊक आहेत. आमच्यासारखे आणखी काही लोक आले होते. केरळचं एक कुटुंब, कोकणातली एक तरुण बायको, मांडीवर झोपलेलं मूल. नावं वाचली गेली, प्रत्येक नावाला घंटा वाजली. आशिषच्या नावालाही वाजली. बाबांनी तेव्हा चष्मा काढून पुसला.

उपासनेनंतर लाँचमध्ये बसवून सगळ्यांना समुद्रात थोडं आत नेलं. झेंडूचा मोठा चक्राकार हार पाण्यात सोडायचा होता. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला तो असा. ते कठड्याला धरून उभे राहिले. मुंबईच्या इमारती मागे राहिल्या, समोर काही नव्हतं. बराच वेळ ते समोर पाहत राहिले, मग त्यांनी मला हळू आवाजात विचारलं, "याचा दुसरा काठ कोनीकडं आहे?"

मी भूगोलातलं उत्तर दिलं. देशाचं नाव सांगितलं.

"इथं जाळं कुठं टाकतीन?" ते म्हणाले. हार थोडा वेळ तरंगला, मग लाँचच्या लाटेनं उलटा झाला. गाडीत, वर्ध्याच्या पुढे कुठंतरी, ते एकदम म्हणाले, "बुजवून टाकली पायजे." घरी आल्यावर त्यांनी ते आईला सांगितलं नाही. समुद्र कसा असतो, हेही सांगितलं नाही. आईनं विचारलं, "कसं झालं?" ते म्हणाले, "चांगलं झालं."

दर नोव्हेंबरात, धान निघायच्या दिवसांत, आमच्याकडे मृतांच्या स्मरणाचा रविवार येतो. आदल्या दिवशी सगळी मंडळी कबरस्तानात जमते. गवत काढायचं, कबरींना चुना लावायचा, झेंडू वाहायचे, मेणबत्त्या खोचून ठेवायच्या. पोरंटोरं धावतात, बायका चिवडा आणतात. परक्याला हे दुःखाचं काम वाटणारही नाही. आई आजोबांच्या कबरीला चुना लावायची आणि मग पत्रा बाजूला करायला सांगायची. आत वर्षभराचा गाळ, पानं, कधी बेडूक, एकदा धामण. ते सगळं साफ व्हायला हवं असायचं. आता नोव्हेंबरात माणूस कुठून आणणार? मग मीच साडी खोचून आत उतरायची. घमेल्यानं गाळ वर द्यायचा, आई तो घ्यायची. आत उतरलं की हायवेचा आवाज एकदम बंद व्हायचा. वर पाहिलं की आकाशाचा लांबट तुकडा आणि त्यात आईचं तोंड. ती विचारायची, "झालं का?" मी म्हणायचे, "झालं." मी तिला कधी म्हटलं नाही की हे वेडेपण आहे. मला तसं वाटतही नव्हतं. हातातलं काम चाललेलं असायचं एवढंच.

त्याच दिवसांत शाळेत सागरतळाचा धडा येतो. भूखंडमंच, खंडान्त उतार, सागरी मैदान, गर्ता. मी रंगीत खडूनं आकृती काढते. आमच्या वर्गातल्या पोरांनी समुद्र पाहिलेला नाही, म्हणून ती प्रश्न फार विचारतात. एकदा एका मुलीनं विचारलं, "मॅडम, पार खाली काय असते?"

"गाळ," मी सांगितलं. "नद्यांनी आणलेली माती, मेलेल्या जीवांचे अवशेष. हजारो वर्षं साचत राहतं."

"अन् उजेड?"

"उजेड पोचत नाही."

तिनं वहीत लिहून घेतलं. मीही आकृतीत गर्तेच्या जागी रेघा ओढल्या. घंटा झाल्यावर शिक्षकखोलीत जाऊन डबा खाल्ला. असं कसं जमतं, असं मला एका सहकारी बाईंनी विचारलं होतं. जमतं. जे जमू नये तेही जमतं, आणि त्याचीच मला अलीकडे थोडी भीती वाटते.

चर्चमध्ये दर रविवारी एक प्रार्थना असते, जमिनीवरून, पाण्यावरून, आकाशातून प्रवास करणाऱ्यांसाठी. पाळकसाहेब ती भराभर म्हणतात, कारण आमच्या मंडळीत लांबचा प्रवास कोण करतो? फार तर कुणी नागपूरला जाऊन येतं. पण आई त्या ओळीला हात घट्ट जोडायची, डोळे घट्ट मिटायची. आणि मृतांसाठी प्रार्थना आली की डोळे उघडून समोर पाहत बसायची. स्मरणाच्या रविवारी जो तो उभा राहून आपल्या माणसाचं नाव घेतो. आमच्या बाकावरून आजोबांचं नाव जायचं. आशिषचं नाव घ्यायला मी एका वर्षी उठू लागले तर आईनं माझा पदर धरून खाली बसवलं. कुजबुजत म्हणाली, "जिवंत मानसाचं नाव घेत नाही यात." त्यानंतर मी प्रयत्न केला नाही.

बाबा गेले ते पावसाळ्यात. दोन दिवस दवाखान्यात होते. पूर्ण शुद्धीवर होते आणि त्यांनी मला स्पष्ट सांगितलं, "मले त्यात नका ठेवू. तुया आईले चालनार नाही." भर पावसात, चिखलात, माणसं लावून आम्ही दुसरी कबर खोदली. ती खोदताना कड ढासळत होती, पाणी भरत होतं, आणि तीन हातांवर पत्र्याखाली एक कबर तयार होती. मंडळीतले लोक एकमेकांकडे पाहत होते. कुणी आईला काही बोललं नाही. ती छत्रीखाली उभी होती. बाबांना माती दिली, हात धुतले आणि परत निघताना तिनं पत्र्यावरचे दगड नीट केले. त्या दिवशी मला आईचा राग आला. आठ-पंधरा दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही. तिला ते कळलंसुद्धा नसावं.

गेल्या नोव्हेंबरची गोष्ट. स्मरणाच्या रविवारचा आदला दिवस. मी गाळ काढून नुकतीच वर आले होते, हात चुन्यानं आणि चिखलानं भरलेले. तेवढ्यात राइस मिलचा टेंपो आला. पाळकसाहेबांना सकाळीच कळवलं होतं. मिलमध्ये हमालीला झारखंडकडची पोरं होती. धानाच्या पोत्यांची थप्पी कोसळून त्यातला एक जण गेला होता. मार्टिन त्याचं नाव. ख्रिस्ती होता, गावाकडे न्यायला दोन दिवस लागणार, शवविच्छेदन झालेलं, म्हणून इथंच पुरायचं ठरलं होतं. सोबत चार-पाच हमाल होते, टेंपोत मयताच्या खोक्याला धरून आलेले, अंगावर अजून कोंडा.

पाळकसाहेबांनी त्यांना कुंपणाकडचा कोपरा दाखवला. पोरांनी कुदळी घेतल्या. तिथं मुरूम आहे. कुदळ मारली की टणकन आवाज यायचा आणि कपचाभर माती निघायची. ऊन उतरू लागलं होतं. मंडळीतले लोक आपापल्या कबरींपाशी हातातलं काम थांबवून बघत होते.

आईनं चुन्याची बादली खाली ठेवली. मला विचारलं, "हे पोरं काय करून राहिले?"

"खोदून राहिले. तो टेंपोतला आहे ना, त्याच्यासाठी."

ती त्यांच्याजवळ गेली. आमच्या मंडळीतले वडीलधारे मधुकरभाऊ तिथंच होते. ते म्हणाले, "मजुराचं मयत आहे, वैनी. तुमी नका त्रास करून घेऊ."

आईनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. हमालांतल्या थोराड पोराला विचारलं, "इसकी माय है क्या?"

"है, अम्मा। गाँव में है। आ नहीं पाएगी।"

आई तशीच उभी राहिली. कुदळीचा आवाज थांबला होता. मग ती मधुकरभाऊंकडे वळली. "तिले काय सांगसान तुमी? बाजूले एक जागा तयार होती, पन देली नाही म्हणून?"

पाळकसाहेब म्हणाले, "ताई, तुम्ही नीट विचार करा."

"विचार कराले काय झालं? अंधार पडून राहिला." तिनं पोरांना हात केला. "उचला त्याले. इकडं आना."

मी पुढे झाले. म्हटलं, "आई, ती आशिषची..."

"मले माहीत आहे कोनाची आहे ते."

त्यांनी मार्टिनला आणलं. प्लायवूडचं खोकं, मिलच्या सुतारानं ठोकलेलं, बाजूंना खिळ्यांची टोकं दिसत होती. दोरानं खाली सोडलं. नीट बसलं. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. ती पोरं त्यांच्या भाषेत एक गीत हळू आवाजात म्हणाली. त्याची चाल आमच्या एका गीताचीच होती, पण आमच्यातलं कुणी साथीला उभं राहिलं नाही. आई माझ्या शेजारी होती. तिच्या हातावर चुना वाळला होता. ती खाली खोक्याकडे पाहत होती आणि तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं.

माती लोटायच्या आधी त्या थोराड पोरानं फोन काढला. मार्टिनच्या आईला दाखवायचं कबूल केलं होतं. कबरस्तानात रेंज येत नाही. तो कुंपणापाशी गेला, मग मातीच्या ढिगावर चढला, मग हात वर करून फिरला, तेव्हा कुठं लागला. पडद्यावर एक म्हातारी, म्हणजे तिचं अर्धं कपाळ आणि एक डोळा. फोन कसा धरायचा हे तिला माहीत नव्हतं. पोरानं फोन कबरीवर धरला, सावकाश फिरवला. मग तिनं काही विचारलं.

पोरगा माझ्या आईकडे वळला. "पूछ रही है, ये किसकी जगह है? किसने दिया?"

आईनं हात पुढे केला आणि फोन घेतला. तिला हिंदी बरी येते. बाजारात, दवाखान्यात लागते तेवढी. त्या अर्ध्या कपाळाकडे पाहत ती म्हणाली, "मेरे लड़के की जगह थी, बाई. अब तुम्हारे लड़के की है।"

म्हातारीनं फोन जरा लांब धरला. आता तिचं पूर्ण तोंड दिसलं, बारीक, सुरकुतलेलं, कपाळावर गोंदलेलं. मग तोडक्या हिंदीत, स्वतःच, कुणाला मध्ये न घेता विचारलं, "तो तुम्हारा लड़का कहाँ है?"

आम्हाला हा प्रश्न कुणी विचारतच नव्हतं. गावाला माहीत होतं, मंडळीला माहीत होतं, पाळकसाहेब बदलून नवे आले तर त्यांनाही आधीच कुणीतरी सांगून ठेवायचं, की या बाईंना हे विचारू नका. मी फोन काढून घ्यायला हात पुढे केला. आईनं तो माझ्यापासून बाजूला नेला.

"मर गया," ती म्हणाली. "समुंदर में. मिट्टी नहीं मिली उसको।"

दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या आणि मग रेंज गेली. आईनं ते वाक्य पहिल्यांदाच उच्चारलं होतं. मराठीत तिला ते कधीच जमलं नसतं.

तिनं फोन त्या पोराला परत दिला. गवत माजलेल्या ढिगापाशी जाऊन ती खाली बसली आणि दोन्ही हातांनी माती आत लोटू लागली.